यॉर्क: तट राहिला, पब गेले

शुक्रवार

लीड्सहून यॉर्कला गाडीने अर्धा तासही लागत नाही. तरी मामांनी खिडकीजवळची जागा धरली आणि सिग्नलांकडे बघत बसले. भुसावळला रेल्वेत हयात गेलेली. यॉर्कच्या फलाटावर उतरल्यावर ते आधी छताकडे बघत उभेच राहिले. १८७७ सालचं हे लोखंड-काचेचं छप्पर रुळांच्या वळणाबरोबर वळत जातं. "एवढ्या लांबीत कमान कुठे चुकलेली नाही," एवढंच बोलले आणि बॅग उचलली.

मला मात्र यॉर्कमध्ये जे उरलेलं नाही तेच बघायचं होतं. या शहराबद्दल पूर्वीपासून सांगतात की इथे वर्षाच्या दर दिवसाला एक पब होता. आजही पब पुष्कळ आहेत, पण जुन्यांपैकी कितीतरी पाडले गेले, बुजले, दुकानांच्या पोटात गेले. त्यांच्या खुणा शोधत हिंडायचं, असा बेत होता. मामा माळकरी. त्यांना आधीच विचारलं होतं, "मामा, पबांच्या मागे फिरायचंय, चालेल ना?" ते म्हणाले, "मी पिणार नाही. पण लोक कुठे बसत होते, कुठे उतरत होते, हे बघायला माळ आड येत नाही."

स्टेशनासमोरच तट दिसतो. त्याच्या उतारावर वसंतात पिवळे डॅफोडिल्स फुलतात, आणि आम्ही नेमके त्याच दिवसांत गेलो होतो. तटावरून चालता येतं. एकूण लांबी सुमारे ३.४ किलोमीटर, इंग्लंडमधल्या मध्ययुगीन नगरतटांत सर्वांत लांब. पायथ्याशी काही ठिकाणी रोमन काम आहे, कारण इथली पहिली छावणी रोमनांनी इसवी सन ७१ मध्ये टाकली. हा तट आज उभा आहे तो भांडणामुळे. १८०० साली नगरपालिकेनेच तो पाडायची परवानगी मागितली होती. वेशी अरुंद, दुरुस्तीचा खर्च फार, ही कारणं. लोकांनी विरोध केला. पुढच्या काळात याच शहरात जन्मलेले चित्रकार विल्यम एटी यांनी तट वाचवायला जीव तोडून आवाज उठवला. वेशींपुढचे संरक्षक दगडी पडवे मात्र एकेक करून गेले, फक्त वॉल्मगेट वेशीचा उरला. तटाला निदान भांडणारे मिळाले. पबांसाठी इतक्या जोराने भांडणारं कोणी भेटलं नाही, आणि मला ते खुपतं.

संध्याकाळी कोनी स्ट्रीटवर गेलो. नदीला समांतर जाणारा हा रस्ता आज साखळी दुकानांचा आहे. दोनशे वर्षांपूर्वी याच रस्त्यावर घोड्यांच्या टापांनी बोलणं ऐकू येत नसेल, कारण शहरातल्या दोन मोठ्या उताऱ्याच्या जागा इथे होत्या: 'ब्लॅक स्वान' आणि 'जॉर्ज'.

'ब्लॅक स्वान'ची एक जुनी जाहिरात प्रसिद्ध आहे. १२ एप्रिल १७०६, शुक्रवारपासून लंडन-यॉर्क घोडागाडी सुरू होत असल्याची ती वर्दी. लंडनमधल्या होबर्नच्या 'ब्लॅक स्वान'मधून निघायचं आणि यॉर्कच्या 'ब्लॅक स्वान'मध्ये उतरायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे पाचला. सगळा प्रवास चार दिवसांत, 'देवाची इच्छा असेल तर'. प्रत्येकी १४ पौंड वजनाचं सामान, त्यावर पौंडभर वजनामागे तीन पेन्स. मामांनी हे ऐकून लगेच विचारलं, "म्हणजे जास्तीच्या सामानाचा दर तेव्हाच लावला होता की!" त्यांच्या हिशेबी मनाला ती जाहिरात सगळ्यात आवडली.

या जागांना पब म्हणताना मला अडखळायला होतं. तिथे बिअर होतीच, पण खोल्या, तबेले, टपाल, जेवण, उधारीच्या वह्या, वकिलांच्या भेटी, निवडणुकीची खलबतं हेही होतं. आपल्याकडच्या जुन्या रस्त्यांवर धर्मशाळा होत्या तशा. फरक इतकाच की इथे पैसे मोजावे लागत. रस्ते सुधारले, घोडे बदलायचे टप्पे नीट लागले आणि १८३०च्या दशकात चार दिवसांचा तोच प्रवास विसेक तासांवर आला. धंदा असा भरात असतानाच १८३९ मध्ये यॉर्कला रेल्वे आली आणि १८४० मध्ये थेट लंडनला जोडली गेली. वेग वाढवत नेणाऱ्या गाड्यांना त्याहून वेगवान गाडीने संपवलं.

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वाफेची इंजिनं गेली तेव्हा आमच्याकडे हेच झालं. पाणी भरायला गाडी थांबायची ती स्टेशनं डिझेलने ओलांडली. तिथल्या चहावाल्यांचं काय झालं ते कुणी लिहून ठेवलं नाही."

'जॉर्ज'बद्दल मात्र लिहिलेलं आहे, तेही एका मुक्कामामुळे. मे १८४९ मध्ये क्षयाने खंगलेली कादंबरीकार अॅन ब्राँटी, बहीण शार्लट आणि त्यांची मैत्रीण एलन नसी स्कारबरोच्या समुद्रकिनारी निघाल्या होत्या. वाटेत त्या 'जॉर्ज'मध्ये राहिल्या. अॅनला इथलं मिन्स्टर, म्हणजे शहराचं महाचर्च, बघायचं होतं, ते तिने पाहिलं. २८ मेला स्कारबरोमध्ये ती गेली. वय २९. 'जॉर्ज' १८६०च्या दशकात पाडून तिथे कापडाचं मोठं दुकान उभं राहिलं. आज त्या दर्शनी भागाजवळ जुन्या उताऱ्याच्या प्रवेशद्वाराचा एक खांब तेवढा आहे आणि शेजारी पाटी. शनिवारच्या गर्दीत माणसं त्या खांबाला टेकून फोनवर बोलतात. मी हात लावून पाहिला. दुखणाईत मुलीला याच खांबाजवळून आत नेलं असेल, हा विचार मनातून गेला नाही.

शनिवार

सकाळी सेंट हेलेन्स स्क्वेअर. चौक ऐसपैस दिसतो तो विसाव्या शतकात रुंदावला म्हणून. त्यासाठी इथलं 'हार्कर्स' हॉटेल गेलं. त्याआधी त्याच जागी 'यॉर्क टॅव्हर्न' होतं, घोडागाड्यांचा तिसरा मोठा अड्डा. आता चौकातल्या जुन्या विमा कंपनीच्या इमारतीत 'हार्कर्स' नावाचा पब आहे. नाव जुनं, जागा भलती. तरीही नाव ठेवलं हे बरं केलं, असं मला वाटतं. निदान कोणीतरी विचारतं, हा हार्कर कोण.

समोर 'बेटीज'. यॉर्कला येणारा प्रत्येक जण इथे चहा आणि केकसाठी रांग लावतो. आम्हीही लावली, मामांना इथला चहा पाजायचाच होता. पण मी आलो होतो तळघरासाठी. हे चहागृह १९३७ मध्ये उघडलं आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच्या तळघरातला बार यॉर्कभोवतीच्या विमानतळांवरच्या वैमानिकांचा अड्डा झाला. तरुण पोरं, त्यांत कॅनडाचे पुष्कळ. रात्री जर्मनीवर जायचं, परत आलो तर संध्याकाळी इथे. बारमागच्या आरशावर त्यांनी हिऱ्याच्या टोकाने आपली नावं कोरली. बार गेला, आरसा आहे. वर बशांचा किणकिणाट चालू असतो आणि खाली काचेवर शेकडो सह्या, काही वळणदार, काही घाईतल्या. यांतले किती परत आले नाहीत हे त्या काचेवरून कळत नाही. मामांनी चष्मा पुसून एकेक नाव वाचायचा प्रयत्न केला. हरवलेल्या पबाचं याहून मोठं स्मारक मला यॉर्कमध्ये दिसलं नाही.

पुढे स्टोनगेट. रस्त्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत वर आडवी तुळई, तिच्यावर 'ये ओल्ड स्टार इन'चं नाव. पब स्वतः मागे, बोळाच्या आत. १६४४ पासूनचा परवाना सांगतात. त्याच वर्षी जुलैत राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीतली मार्स्टन मूरची लढाई झाली, राजाचं सैन्य हरलं आणि दोन आठवड्यांत यॉर्क शरण गेलं. जखमींना इथल्या तळघरात आणलं होतं ही आख्यायिका. हा पब उरला आहे, म्हणून त्याच्यावर जास्त थांबत नाही. पण ती तुळई बघून एक कळतं, की मागच्या बोळात लपलेल्या धंद्याला रस्त्यावर ओरडून सांगावं लागे. अशा पाट्या एके काळी सगळीकडे लटकत असतील. पाटी काढली की आतला पब लोकांच्या लेखी राहत नाही.

सेंट सॅम्प्सन्स स्क्वेअरमध्ये नेमकं उलट घडलं. 'मेल कोच' नावाचा पब १९३०-३१ मध्ये नव्याने बांधायला घेतला, तर खाली रोमन स्नानगृह निघालं. मग पबाचं नावच 'रोमन बाथ' झालं. टपाल-घोडागाडीची आठवण पुसली गेली आणि तिच्या जागी तिच्याहून कितीतरी शतकं जुनी आठवण बसली. तळघरात ते अवशेष बघता येतात. विटांवर पडलेले ठसे बघत मामा बराच वेळ वाकून उभे होते.

दुपारी कॅसलगेट. इथे 'ब्लू बोर' आहे. दरोडेखोर डिक टर्पिनला ७ एप्रिल १७३९ रोजी यॉर्कबाहेरच्या नेव्ह्समायरवर फाशी दिलं, आणि प्रेत रात्रभर 'ब्लू बोर'मध्ये ठेवलं होतं असं सांगतात. जॉन पामर या खोट्या नावाने तो तुरुंगात होता. भावजीला लिहिलेल्या पत्राचं अक्षर त्याच्या जुन्या मास्तराने ओळखलं आणि तो सापडला. मधल्या काळात या पबाचं नाव बदललं, कितीतरी वर्षं तो 'लिटल जॉन' होता. अलीकडे पुन्हा 'ब्लू बोर' झाला. 'जॉर्ज'ला ब्राँटीमुळे पाटी, 'ब्लू बोर'ला टर्पिनमुळे नाव परत. माझ्या मनात तेव्हापासून एक गोष्ट घोळू लागली: नावाजलेला पाहुणा आलेला असेल तर पबाची आठवण राहते. रोजचे गवंडी, चांभार, खलाशी जिथे बसले त्या जागांचं काय?

त्याचं उत्तर जवळच, नदीकडे उतरताना मिळालं. किंग्ज स्टेथ हा ऊझ नदीचा धक्का. 'किंग्ज आर्म्स' पब इथे पाण्याला लागून आहे, वरचेवर पुरात बुडतो, आत पुराच्या पातळ्या लिहिलेल्या आहेत. नोव्हेंबर २००० मध्ये नदी नेहमीच्या पातळीपेक्षा सुमारे ५.४ मीटर चढली होती. आत शिरून मामांनी ती खूण आपल्या डोक्याच्या किती वर आहे ते हाताने मोजलं. पण या धक्क्याच्या मागे पूर्वी वॉटर लेन्स होत्या, नदीकडे उतरणारे तीन चिंचोळे बोळ. नावाड्यांची वस्ती, दाटी, रोगराई आणि त्यांचे गुत्ते. एकोणिसाव्या शतकात ते बोळ टप्प्याटप्प्याने साफ केले आणि १८८१ मध्ये वरून क्लिफर्ड स्ट्रीट हा रुंद रस्ता काढला. त्या गुत्त्यांना ना पाटी ना खांब. रस्ता रुंद करणं गरजेचं होतं हे मी मानतो, तिथे पटकीने माणसं मरत होती. पण घराबरोबर घराचं नावही पाडायची गरज नव्हती.

रविवार

पटकीचा विषय निघालाच होता. सकाळी पूल ओलांडून नॉर्थ स्ट्रीटला गेलो. इथे १८१३ मध्ये जॉन स्नो जन्मले, लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप पटकी पसरवतो हे १८५४ मध्ये दाखवून देणारे डॉक्टर. नदीकाठी पंपाची प्रतिकृती आहे. हे डॉक्टर तरुणपणापासून दारूबंदीचे पुरस्कर्ते, यॉर्कच्या निर्व्यसनी मंडळींतले. आणि त्याच ब्रॉड स्ट्रीटवरच्या बिअर कारखान्यातले कामगार पटकीतून वाचले, कारण ते पंपाचं पाणी न पिता बिअर पीत. हे स्नो यांनी स्वतःच नोंदवलं. आपल्या मताविरुद्धचा पुरावा त्यांनी लपवला नाही, यासाठी मला ते फार मोठे वाटतात. मामा म्हणाले, "खरा माळकरी." लंडनमध्ये आज त्या पंपाजवळच्या पबाला स्नो यांचंच नाव आहे.

तिथून स्केल्डरगेट. इथल्या जुन्या बाँडेड गोदामात, म्हणजे कर भरेपर्यंत माल ठेवायच्या जागेत, एक बार होता, २००० च्या पुरानंतर तो पुन्हा उघडलाच नाही. पबांच्या मरणाची कारणं गोळा करत गेलं तर रेल्वे, रस्ते, झोपडपट्टी सफाई, पूर अशी ती एकापाठोपाठ एक भेटत जातात. त्यातलं सगळ्यात मोठं कारण कायद्यात आहे. १८३० च्या कायद्याने कर भरणाऱ्या कोणालाही दोन गिनी भरून आपल्या घरात बिअर विकायची मुभा मिळाली. जिनपेक्षा बिअर बरी, असा सरकारचा विचार. घराघरांत बिअरची दुकानं निघाली. बाई पुढच्या खोलीत विकते, नवरा कामावर जातो, असे धंदे. १८६९ मध्ये ही मोकळीक आवळली आणि १९०४ च्या कायद्याने 'जास्तीचे' परवाने नुकसानभरपाई देऊन रद्द करायची सोय झाली. छोटे पब मुख्यतः असे गेले, गाजावाजा न होता, कागदावर सही होऊन.

दुपारभर आम्ही वॉल्मगेटला होतो, आणि माझ्यासाठी हाच या सहलीचा गाभा होता. मी सोबत एका नकाशाची प्रत आणली होती. सीबोम राउंट्री हे यॉर्कच्या चॉकलेट कारखानदार घराण्यातले क्वेकर. क्वेकर म्हणजे साधेपणाचा आणि दारूपासून लांब राहण्याचा पंथ. त्यांनी यॉर्कमधल्या गरिबीची घरोघर पाहणी करून १९०१ मध्ये ती छापली. शहराचे सुमारे २८ टक्के लोक दारिद्र्यात आहेत, हा तिचा निष्कर्ष देशभर गाजला. त्याच ग्रंथात शहरातल्या प्रत्येक परवानाधारक दारूच्या जागेवर खूण केलेला नकाशा आहे. तटाच्या आत खुणा इतक्या दाट की रस्त्यांची नावं वाचताना डोळे ताणावे लागतात.

दारू कमी व्हावी म्हणून काढलेला हा नकाशा आज हरवलेल्या पबांची सगळ्यात भरवशाची नोंद आहे. कोणाकडे कोण उतरलं, कोण मोठा नि कोण छोटा, हे न बघता त्याने सगळ्यांना सारखीच खूण दिली. पब आवडणाऱ्यांनी एवढं केलं नाही. राउंट्रींनी तिथली ऊब, उजेड, गाणी, सोबत हेही पाहिलं होतं. अंधाऱ्या कोंदट खोलीतून माणूस तिकडे का जातो, हे त्यांना कळत होतं.

वॉल्मगेट आणि शेजारचं हंगेट ही गरिबांची वस्ती. १८४० च्या दशकातल्या दुष्काळातून पळालेले आयरिश लोक इथे स्थिरावले. नकाशा हातात धरून आम्ही एका बाजूने चालत गेलो. खूण आली की थांबायचं. एके ठिकाणी घरांची नवी ओळ, एके ठिकाणी खाण्याचं दुकान, कुठे नुसतं कुंपण. काही जुन्या दर्शनी भागांवर अजून रुंद खिडक्या नि कोपऱ्यावरचं दार दिसतं. कोपऱ्यावर दार असलं की मामा म्हणायचे, "हा असणार," आणि नकाशाशी ताडून बघायचे. त्यांना ते काम फारच आवडलं. थोड्या वेळाने नकाशा माझ्या हातून त्यांच्याकडे गेला तो संध्याकाळपर्यंत परत आला नाही.

फॉसगेटला पोचलो तर एका बोळाच्या तोंडाशी नाव: ब्लॅक हॉर्स पॅसेज. 'ब्लॅक हॉर्स' पब इथे होता, तो गेला, बोळ त्याच्या नावाने राहिला. नगरपालिकेच्या पाटीवर अजून पबाचं नाव आहे आणि तिथून जाणाऱ्याला ते ठाऊकही नसतं. रस्त्यांची नावं बदलायचा उत्साह जिथे जिथे आहे तिथल्या लोकांनी हा बोळ पाहून जावं.

त्याच रस्त्यावर 'ब्लू बेल' आहे. बाहेरून इतका अरुंद की चुकून पुढे जाल. आतली मांडणी १९०३ सालची, तशीच्या तशी: चकचकीत फरशा, लाकडी तावदानं, दोन छोट्या खोल्या आणि त्यांना जोडणारा बोळवजा रस्ता. हरवलेले शेकडो छोटे पब आतून कसे असतील ते इथे कळतं. पुढच्या बारमध्ये बायकांना अगदी १९९० च्या दशकापर्यंत प्रवेश नव्हता, हेही त्या जगाचा भाग होतं आणि ते गेलं याचं मला जराही दुःख नाही. मी अर्धा पाइंट घेतला, मामांनी लिंबाचा सोडा. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याने नकाशा काय म्हणून विचारलं. मग चौघांची डोकी त्या कागदावर. त्या आजींनी एका खुणेवर बोट ठेवलं, त्यांच्या आईचं लहानपण त्या घराच्या शेजारी गेलेलं. पबाचं नाव त्यांनी सांगितलं. मामांनी खिशातलं पेन काढून ते देवनागरीत नकाशावर लिहिलं.

सोमवार

सकाळ राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाला दिली, त्यात माझा काही अधिकार नव्हता. १९३८ मध्ये ताशी १२६ मैल गाठून वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणाऱ्या 'मॅलर्ड'समोर मामा किती वेळ उभे होते ते मोजलं नाही.

दुपारी तटाच्या दुसऱ्या टोकाला, पीझहोम ग्रीनवरच्या 'ब्लॅक स्वान'मध्ये जेवलो. कोनी स्ट्रीटवरच्या नावबंधूशी याचा संबंध नाही. हे पंधराव्या शतकातलं, बोव्स या व्यापारी घराण्याचं लाकडी सांगाड्याचं घर, नंतर पब झालेलं. क्वेबेक जिंकताना मेलेल्या जनरल वुल्फची आई या घरातली. आजूबाजूची वस्ती गेली, रस्ते रुंदावले, हे घर वाकड्या तुळयांसकट राहिलं. मामांनी इथेही चहा मागितला आणि मिळाला.

जेवता जेवता त्यांनी नकाशा उघडला. नदीपलीकडचं मिकलगेट आणि टॅनर रो पूर्ण राहिलं होतं. तिथल्या खुणा त्यांनी मोजून ठेवल्या होत्या. "मी जूनमध्ये जातोय. त्याआधी एक रविवार काढ," म्हणाले. यॉर्कच्या ग्रंथालयात शहराचा दप्तरखाना आहे. तिथे जुन्या परवान्यांच्या वह्या बघता येतील का, हे विचारायला मी लीड्सला पोचल्यावर ग्रंथालयाला पत्र लिहिलं. आजींनी सांगितलेलं नाव त्यात सगळ्यात वर घातलं.